वार : आई व गर्भ यांमधील दुवा

मराठवाड्यांतील खेड्यापाड्यांत गाय किंवा म्हैस व्याली म्हणजे तिची वार पडेपर्यंत घरचें माणूस गोठ्यांतून हलत नाहीं. वार पडली कीं ती फाटक्या गोणपाटांत बांधून वडासारख्या चिकाच्या झाडास टांगण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे. झाडास जसा भरपूर चीक, तसें जनावरासही भरपूर दूध येवो, ही त्यामागची भावना. कोठें कोठें ती पुरून टाकतात. विल्हेवाट कशीही लागो. वार म्हणजे काय, तिनें इतके महिने कोणतें काम केलें, हा प्रश्न मात्र आपल्या मनांत सहसा येत नाहीं. जिच्या जिवावर वासरूं वाढलें, तीच वस्तु त्याच्या जन्मदिवशीं सर्वांत टाकाऊ ठरते! या टाकाऊ वस्तूची ओळख आमच्या विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या वडील मंडळींस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमच्या अहमदपूर भागांत लाल कंधारी व देवणी हीं गोधनें आणि उस्मानाबादी शेळी हीं घरोघर माहीत आहेत. त्यांच्याकडे आपण पुढें येऊंच. परंतु ज्या जनावराची वार शास्त्रज्ञांनीं विशेष बारकाईनें पाहिली आहे, तें जनावर म्हणजे डुकरीण होय. हें नांव वाचून कित्येक वाचक नाक मुरडतील. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतांत डुकरें चारण्याची पाळी ही त्या मुलाच्या अधोगतीची शेवटची पायरी म्हणून सांगितली आहे. मुसलमान बांधवांस हा प्राणी निषिद्ध आहे. उलटपक्षीं पुराणांत पृथ्वीला दाढेवर उचलून धरणारा अवतार वराहाचाच आहे. शास्त्राला शुचि व अशुचि असा भेद नाहीं. गोव्यांतील काणकोण तालुक्याच्या आगोंद गांवाचें नांव धारण करणारी 'आगोंद गोवन' ही डुकराची देशी जातही कर्नाल येथील राष्ट्रीय संस्थेनें आपल्या देवणी व लाल कंधारी गाईंप्रमाणेंच रीतसर नोंदून घेतली आहे.

शास्त्रज्ञ डुकरिणीकडे वळले याचें कारण उघड आहे. गाय एका वेतांत बहुधा एकच वासरूं देते. डुकरीण एका वेतांत आठ-दहा किंवा त्याहूनही अधिक पिलें देते. तीं सर्व एकाच आईच्या पोटांत, एकाच अन्नावर, तितकेच दिवस वाढलेलीं असतात. तरीही त्यांत एक पिलूं गुटगुटीत निघतें आणि दुसरें इतकें किरकोळ कीं, तें जगेल कीं नाहीं याची शंका यावी. आई एक, अन्न एक, दिवस तेवढेच. मग हा फरक कोठून आला? या प्रश्नाचें उत्तर मोठ्या अंशीं वारेंत आहे.

प्रथम वार म्हणजे काय तें पाहूं. गर्भ आईच्या पोटांत असतांना त्याचीं फुप्फुसें हवा घेत नाहींत आणि त्याचें पोट अन्न पचवीत नाहीं. प्राणवायु, अन्न व पाणी हीं सर्व आईच्या रक्तांतून यावयाचीं आणि शरीरांतील मळही तिच्याच रक्तांत परत जावयाचा. हा सर्व व्यवहार ज्या एका अवयवाच्या द्वारें चालतो, तो अवयव म्हणजे वार. संस्कृतांत तिला अपरा असें नांव आहे. नाळ ही वारेपासून गर्भाच्या बेंबीपर्यंत जाणारी वाट होय.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, आईचें रक्तच नाळेंतून मुलाच्या अंगांत खेळतें. ही समजूत खरी नव्हे. अठराव्या शतकांत लंडन येथील विल्यम व जॉन हंटर या शरीरशास्त्रज्ञ बंधूंनीं रक्तवाहिन्यांत मेणासारखे रंगीत पदार्थ भरून हें दाखवून दिलें कीं, आईचा रक्तमार्ग निराळा आणि गर्भाचा निराळा. दोन्ही रक्तें अगदीं शेजारून वाहतात, पण मिसळत नाहींत. दोन शेतांच्या मधल्या बांधावरून दोघे शेजारी वस्तूंची देवघेव करतात, परंतु कोणीही बांध ओलांडीत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. वारेचें सर्व मर्म या एका गोष्टींत आहे: जवळीक पूर्ण, पण मिसळ नाहीं.

हा बांध सर्व प्राण्यांत सारखा नसतो. माणसाच्या वारेंत गर्भाकडील बारीक झुबके थेट आईच्या रक्तांत बुडालेले असतात. गाय, शेळी व मेंढी यांच्या गर्भाशयांत ठिकठिकाणीं मांसल उंचवटे असतात. त्यांवर वारेचे झुबके घट्ट बसतात आणि देवघेव तेवढ्याच जागीं होते. गाईच्या बाबतींत अशीं ठिकाणें साधारणपणें ७५ ते १२० असतात. डुकरिणीच्या वारेंत मात्र असे उंचवटेही नसतात आणि झुबकेही नसतात. गर्भाची पिशवी आपल्या बहुतेक सबंध पृष्ठभागानें गर्भाशयाच्या अस्तराला नुसती चिकटून राहते. तेथें आईचें रक्त व पिलाचें रक्त यांच्यामध्यें सहा थर असतात: तीन आईचे व तीन पिलाचे. इतका जाड पडदा मध्यें असतांना पिलाचें पोषण होतें तरी कसें?

डुकरिणीचा गर्भकाळ सुमारें ११४ दिवसांचा. तीन महिने, तीन आठवडे व तीन दिवस असा तो पाठ करण्याची रीत आहे. गर्भधारणेनंतर दहाव्या-अकराव्या दिवशीं प्रत्येक गर्भ म्हणजे सुमारें एक सेंटिमीटर व्यासाचा, मोत्यासारखा पोकळ गोळा असतो. बाराव्या दिवसाच्या सुमारास एकाएकीं त्याचें रूप पालटतें. तो लांबूं लागतो, आणि तोही इतक्या वेगानें कीं, एका तासांत तीन-चार सेंटिमीटर वाढावा. सोळाव्या दिवसापर्यंत त्याचा जवळजवळ एक मीटर लांबीचा बारीक धागा होतो. हा धागा गर्भाशयाच्या घड्यांतून नागमोडी पसरतो आणि जास्तींत जास्त जागा आपल्या ताब्यांत घेतो. याच वेळीं गर्भ एक विशिष्ट रस सोडून आईच्या शरीराला आपण आल्याची वर्दी देतात. अशी वर्दी देण्यास साधारणपणें निदान चार गर्भ लागतात. त्याहून कमी असल्यास गर्भ बहुधा टिकत नाहींत.

पुढें गर्भाची पिशवी व गर्भाशयाचें अस्तर या दोहोंना चुण्या पडूं लागतात. नऊवारी लुगड्याच्या निऱ्या जशा एकावर एक बसतात, तशा या दोन पडद्यांच्या निऱ्या एकमेकींत बसतात. त्यामुळें थोड्या जागेंत पुष्कळ पृष्ठभाग मावतो. दिवस भरत येतील तसतशा दोन्ही बाजूंच्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या पडद्याच्या वरच्या थरांत शिरून एकमेकींच्या अधिकाधिक निकट येतात. थर सहाच राहतात, परंतु अंतर घटतें. जाड बांधाचा असा पातळ बांध होतो. तेव्हां पोषणाचा प्रश्न शेवटीं एकाच गोष्टीवर येऊन ठेपतो: या रक्तवाहिन्या किती, आणि त्या किती जवळ?

रक्त शरीरांत फिरतें हें विल्यम हार्वे यानें १६२८ सालीं सिद्ध केलें, आणि ज्या अतिसूक्ष्म वाहिन्यांतून तें एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस जातें, त्या मार्सेलो माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञानें १६६१ सालीं बेडकाच्या फुप्फुसांत सूक्ष्मदर्शकानें पाहिल्या. परंतु नवी रक्तवाहिनी जेथें हवी नेमकी तेथेंच कशी उगवते, हें कोडें त्यानंतर तीन शतकें तसेंच राहिलें.

आमच्या वाचकांस याचें उत्तर एका जवळच्या उदाहरणावरून कळेल. सन २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूर शहराचें पाणी आटलें, तेव्हां मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. तहान लागली, हाक गेली आणि दूरच्या पाण्याला वाट मिळाली. शरीरांतही हाच क्रम आहे. ज्या पेशींना प्राणवायु कमी पडतो, त्या पेशींत एक विशिष्ट प्रथिन सांचूं लागतें. प्राणवायु पुरेसा असला म्हणजे तेंच प्रथिन नाहींसें होतें. तें सांचलें कीं पेशी एक द्रव्य बाहेर सोडतात. हें द्रव्य म्हणजे त्यांची तहानेची हाक. ती जवळच्या रक्तवाहिनीस ऐकूं गेली कीं तिच्या भिंतींतून नवा कोंभ फुटतो, आणि जिकडून हाक येते तिकडे तो सरकत जातो. दोन कोंभ भेटले, त्यांत पोकळी झाली व रक्त खेळूं लागलें, कीं नवा पाट तयार झाला. प्राणवायूच्या या मोजणीचा उलगडा केल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा या तिघांस २०१९ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

या हाकेच्या द्रव्याचा शोध मोठा मनोरंजक आहे. बोस्टन येथील शस्त्रवैद्य ज्यूडा फोकमन यांनीं १९७१ सालीं असें मत मांडलें कीं, शरीरांतील गांठ वाढते ती रक्तवाहिन्यांना आपल्याकडे बोलावणारें एखादें द्रव्य सोडते म्हणून. त्या वेळीं पुष्कळांनीं तें मानलें नाहीं. सन १९८३ मध्यें हॅरोल्ड ड्वोराक व त्यांचे सहकारी यांना रक्तवाहिन्या पाझरविणारें एक प्रथिन सांपडलें. आणि १९८९ सालीं नेपोलिओने फेरारा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रक्तवाहिन्यांच्या पेशी वाढविणारें एक प्रथिन शुद्ध करून त्याची घडण उलगडली. पुढें असें दिसून आलें कीं, दोन्ही एकच! इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास 'व्हीईजीएफ' म्हणतात. आपण त्यास वाहिनीवर्धक द्रव्य म्हणूं. अशा द्रव्यांचें एक कुटुंबच आहे. त्यांतील एक प्रथम वारेंतच सांपडलें, म्हणून त्याचें नांवही वारेवरूनच पडलें आहे. कांहीं द्रव्यें जुन्या वाहिनीची भिंत सैल करतात, म्हणजे कोंभ फुटण्यास वाव मिळतो; कांहीं द्रव्यें नव्या वाहिनीची भिंत पक्की करतात, म्हणजे ती फुटत नाहीं. नुसती हाक पुरत नाहीं; पाट खणणारा व पाट लिंपणारा असे दोघेही लागतात.

आतां आपल्या मूळ प्रश्नाकडे वळूं. डुकरिणीच्या गर्भाशयास दोन लांब शिंगें असतात, आणि त्यांत सर्व गर्भांनीं ओळीनें आपापली जागा धरावयाची असते. जागा मोजकी व वांटेकरी पुष्कळ. ज्यास जागा थोडी मिळाली त्याची वार लहान राहते, आणि वार लहान तर बहुधा पिलूंही लहान. सुटलेल्या अंड्यांपैकीं सुमारें तीस ते चाळीस टक्के अंडीं पिलाच्या रूपानें जन्मास येतच नाहींत. जागेची ही चणचण त्याचें एक मोठें कारण आहे.

असें असतांना चीन देशांतील ताई सरोवराच्या परिसरांत 'मेशान' नांवाची डुकराची एक जात आहे; तिची मादी पाश्चात्य जातींच्या मादीहून एका वेतांत तीन-चार पिलें अधिक देते. तिचें गर्भाशय कांहीं त्या प्रमाणांत मोठें नसतें. सन १९८९ मध्यें हीं जनावरें अभ्यासासाठीं अमेरिकेंत नेण्यांत आलीं. आयोवा येथील शास्त्रज्ञांनीं मेशान व यॉर्कशायर या दोन्ही जातींचे गर्भ दोन्ही जातींच्या डुकरिणींच्या पोटांत वाढवून पाहिले. गर्भकाळाच्या शेवटच्या तीन-चार आठवड्यांत पिलें झपाट्यानें वाढतात व त्यांची भूकही वाढते. त्या वेळीं यॉर्कशायर गर्भाची वार आकारानें मोठी होत गेली. मेशान गर्भाची वार होती तेवढीच राहिली. परंतु तिच्यांत रक्तवाहिन्यांची दाटी वाढली. एकानें शेत वाढविलें. दुसऱ्यानें आहे त्याच शेतांत पाट वाढविले. पहिल्यास शेजाऱ्याच्या जागेंत सरकणें भाग पडलें. दुसऱ्यानें शेजाऱ्यास धक्काही न लावतां आपला निर्वाह केला. वारेंत वाहिनीवर्धक द्रव्य किती आहे आणि वाहिन्यांची दाटी किती आहे, या दोहोंचा संबंधही पुढील अभ्यासांत आढळून आला. एकाच घरांत अनेक भावंडांनीं कसें नांदावें, याचा धडा कोणीं डुकराच्या पोटीं शोधला नसता. पण तो तेथें आहे.

हें ज्ञान केवळ डुकरांपुरतें नाहीं. स्त्रियांच्या गर्भारपणांत कधीं कधीं रक्ताचा दाब फार चढतो, लघवींतून प्रथिन जाऊं लागतें, तोंडावर व हातांवर सूज येते, आणि वेळीं उपाय न झाल्यास आई व मूल या दोघांच्याही जिवावर बेततें. मूळचे भारतीय असलेले वैद्य अनंत करुमांची व त्यांचे बोस्टन येथील सहकारी यांनीं २००३ सालीं दाखवून दिलें कीं, या विकारांत आजारी वारेंतून एक असा पदार्थ आईच्या रक्तांत उतरतो, जो हीं वाहिनीवर्धक द्रव्यें शोषून टाकतो. हाक उठते, पण वाटेंतच विरून जाते. म्हणून गर्भवतीनें ठराविक वेळीं आरोग्यकेंद्रांत जाऊन रक्तदाब मोजून घेणें हा निव्वळ उपचार नसून तिच्या व तिच्या बाळाच्या जिवाचें रक्षण आहे.

आपल्या महाराष्ट्रांत पुणें येथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळील सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. त्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचें सरासरी वजन पावणेतीन किलोंच्याही आंत भरलें. परंतु ज्या माता गर्भारपणांत दूध, हिरव्या पालेभाज्या व फळें अधिक वेळां खात होत्या, त्यांचीं बाळें अधिक भरदार निघालीं. मेथी, चुका, शेपू, शेवग्याचा पाला हीं काय आपल्या परसांत दुर्मिळ आहेत? घरांत सर्वांचें जेवण झाल्यावर उरेल तें सुनेनें खावें, ही रीत ज्या घरांत अजून असेल, त्या घरांतील वडील मंडळींनीं हें वाक्य दोनदां वाचावें, अशी आमची नम्र विनंति आहे. पाट कितीही दाट असले, तरी विहिरींतच पाणी नसेल तर शेत कसें भिजणार?

आतां त्या बांधाची दुसरी बाजू. तो बांध जें जाऊं देतो, तें आपण पाहिलें. जें अडवितो, तेंही पाहिलें पाहिजे. आईच्या रक्तांत रोगांशीं लढणारीं प्रतिद्रव्यें असतात. माणसाच्या वारेंतून तीं बाळास जन्मापूर्वींच मिळतात. डुकरीण, गाय, म्हैस, शेळी व मेंढी यांच्या वारेंतून मात्र तीं पलीकडे जातच नाहींत. म्हणून वासरूं, करडूं किंवा डुकराचें पिलूं जन्मतें तें रोगांपुढें जवळजवळ निःशस्त्र असें जन्मतें. मग निसर्गानें त्यास उघडें टाकलें काय? नाहीं. तीं सर्व शस्त्रें आईच्या पहिल्या दुधांत, म्हणजे चिकांत, भरून ठेवलेलीं असतात. परंतु तीं घेण्याची मुदत थोडी आहे. पिलाच्या आंतड्यांतून हीं प्रतिद्रव्यें आंत शिरण्याची वाट जन्मल्यापासून ताशीं-ताशीं अरुंद होत जाते आणि सुमारें एका दिवसांत बंद होते.

आमच्या ग्रामीण वाचकांनीं लक्षांत ठेवावें असें जर या लेखांत कांहीं असेल, तर तें हेंच. वार पडेपर्यंत वासराला आईस लावूं नये, अशी समजूत कित्येक घरांत आहे. तसेंच चिकाचा खरवस करून शेजारीपाजारीं वांटण्याची हौसही आहे. खरवस गोड खरा. परंतु त्यावर पहिला हक्क वासराचा. जन्मल्यापासून एक-दोन तासांच्या आंत त्यास चीक पाजावा, आणि पहिल्या दिवसांत त्याच्या वजनाच्या सुमारें दहावा हिस्सा चीक त्याच्या पोटांत जाईल असें पाहावें. वीस किलोंच्या वासरास दोन लिटर, असा हा सोपा हिशेब आहे. उस्मानाबादी शेळीस पुष्कळदां जुळीं होतात. तेव्हां दोन्ही करडांस चीक मिळतो कीं धाकटें मागें राहतें, हें जातीनें पाहावें. उरेल त्याचा खरवस अवश्य करावा. मानवी बाळास कांहीं शस्त्रें आधींच मिळालेलीं असलीं, तरी आईचें पहिलें पिंवळसर दूध पिळून टाकणें ही मोठीच चूक आहे; तें बाळास दिलेंच पाहिजे.

वारेविषयींही दोन शब्द सांगणें अवश्य आहे. गाईची वार बहुधा बारा तासांच्या आंत पडते. चोवीस तास उलटूनही ती अडकून राहिल्यास हातानें ओढूं नये अथवा तिला वजन बांधूं नये. ती मांसल उंचवट्यांत किती घट्ट बसलेली असते, हें आपण वर पाहिलेंच. ओढल्यानें गर्भाशयास इजा होते. अशा वेळीं पशुवैद्यास बोलवावें. आपल्याच जिल्ह्यांत उदगीर येथें पशुवैद्यकाचें महाविद्यालय आहे, हें आपलें भाग्य समजलें पाहिजे. पडलेली वार उघड्या हातांनीं हाताळूं नये. कारण गर्भ टाकणाऱ्या जनावरांचा ब्रुसेलोसिस नांवाचा रोग तिच्यांतून माणसासही जडतो. झाडास टांगण्यापेक्षां किंवा कुत्र्यांपुढें पडूं देण्यापेक्षां ती खोल खड्ड्यांत चुना टाकून पुरावी.

मुलांनो, तुमच्यापैकीं प्रत्येकाच्या पोटावर बेंबी आहे. आईच्या रक्ताचा एक थेंबही न मिसळतां तिनें नऊ महिने तुम्हांस आपल्या श्वासाचा, आपल्या घासाचा वांटा दिला, त्याची ती खूण आहे. ज्या सृष्टिकर्त्यानें मनुष्याच्या बाळासाठीं ही व्यवस्था केली, त्यानेंच ती तिरस्कृत डुकराच्या पिलासाठींही तितक्याच काळजीनें केली आहे. ती पाहण्याची दृष्टि आम्हांस शास्त्र देतें. ती पाहून आपल्या गोठ्यांतील मुक्या जिवांशीं व आपल्या घरांतील गर्भवती मातेशीं अधिक जबाबदारीनें वागणें, हें मात्र आपल्या हातीं आहे.